माठ, मेस्किट आणि बोकडाचा फरा

घर बघायला गेलो तेव्हा नवरा हप्त्याचा हिशोब मांडत होता आणि मी मागचं अंगण बघत होते. त्याआधी तीन वर्षं आम्ही टेक्सासमधल्या ऑस्टिनमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहिलो. बाल्कनी लाकडी, त्यामुळे तिथे कोळसा पेटवायला सक्त मनाई. मी अलिबागजवळच्या गावात चुलीच्या धगीत वाढले, थंडीत दर आठवड्याला कुणाच्या तरी वाडीत पोपटी, म्हणजे मडक्यात विस्तवावर भाजलेल्या वालाच्या शेंगा, लागायची. तीन वर्षं विस्तवाचं तोंड न बघता राहणं मला फार जड गेलं. राऊंड रॉकच्या घराची किल्ली हातात आली, त्याच आठवड्यात मी वापरलेली बावीस इंची वेबर केटल, म्हणजे कोळशावर भाजायची शेगडी, घरी आणली.

केटल म्हणजे तीन पायांवरचा काळा गोल डबा, वर घुमटासारखं झाकण. १९५२ साली शिकागोच्या बाजूला जॉर्ज स्टीफन नावाचा माणूस ज्या कारखान्यात काम करायचा, तिथे पाण्यावर तरंगणारे बोये बनत. त्याने बोयाचा गोळा मधोमध कापला, खालच्या अर्ध्यात विस्तव ठेवला आणि वरच्या अर्ध्याचं झाकण केलं. धरमतरच्या खाडीतले बोये बघत मी मोठी झाले. ही हकिकत कळल्यापासून त्या काळ्या गोळ्यावर माझा जीवच जडला.

पहिले सहा महिने मात्र माझ्या हातचं मटण कडू व्हायचं. लाकडाचे तुकडे रात्रभर पाण्यात भिजवायचे, कोळशावर टाकायचे, केटलची वरची-खालची हवेची भोकं बंद करायची आणि पांढऱ्या धुराचे लोट निघाले की समाधानाने बसायचं, अशी माझी पद्धत. मांसावर राखाडी चिकट थर बसायचा आणि जिभेला औषधासारखी चव लागायची. मी मसाला बदलला, दही वाढवलं, मॅरिनेशनचे तास वाढवले. दोष तिथे नव्हताच.

कुंपणापलीकडे एक निवृत्त गृहस्थ राहतात, चाळीसेक वर्षं आगीशी खेळलेले. त्यांनी एकदा माझा धूर बघितला आणि आत येऊ का, असं विचारून आले. दोन्ही भोकं उघडली, माझी भिजवलेली लाकडं चिमट्याने बाहेर काढली आणि आपल्या गॅरेजमधून पोस्ट ओक नावाच्या इथल्या झाडाच्या लाकडाचे वाळलेले तुकडे आणून ठेवले. दहा मिनिटांत लोट थांबले. झाकणाच्या भोकातून फक्त निळसर, विरळ रेघ निघत होती, उन्हात नीट बघितली तरच दिसणारी. ‘एवढाच धूर हवा,’ ते म्हणाले.

मग कळत गेलं. हवा कमी पडली की लाकूड जळत नाही, नुसतं धुमसतं, आणि अर्धवट जळालेला तो सगळा डांबरी माल मांसावर येऊन बसतो. ओल्या लाकडाची आधी वाफ होते, तोवर आग मंदावते आणि धुमसणं वाढतं. आमच्या आजीने चुलीत कधी ओलं सरपण घातलं नाही, हे मी रोज बघितलं होतं. परक्या देशात आल्यावर इतकी साधी गोष्ट मी विसरले, याचं मला खरंच वाईट वाटलं.

लाकडाचंही तसंच. इथे मेस्किट जागोजागी उगवतं. काटे, शेंगा, बारीक पानं, सगळं ओळखीचं, कारण आपल्याकडची वेडी बाभूळ ही मेस्किटचीच बहीण. मेस्किटचा निखारा कडक, कोंबडीच्या तंगड्या किंवा कोळंबी झटपट भाजायला उत्तम. पण सहा तास त्याचा धूर दिला की मटण उग्र होतं. लांबच्या कामाला पोस्ट ओकच हवा.

मध्य टेक्सासची बार्बेक्यूची बरीच मोठी दुकानं त्यावरच चालतात. आमच्यापासून तासाभरावर लॉकहार्ट नावाचं छोटं गाव आहे. तिथलं क्रॉइट्झ मार्केट १९०० सालचं, मुळात खाटकाचं दुकान. जर्मन आणि चेक लोक इथे येऊन वसले, त्यांच्या खाटकांनी न खपलेलं मांस धुरावर ठेवायला सुरुवात केली, त्यातून ही परंपरा आली. तिथल्याच स्मिटीज मार्केटमध्ये शिरताना विटांच्या भट्टीच्या तोंडाशी लाकडं उघड्यावर जळत असतात, आणि त्या धगीशेजारूनच रांगेत पुढे सरकायचं. तिथे पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा माझे डोळे भरून आले होते, आणि त्याला धूर कारण नव्हता.

इथला राजा म्हणजे ब्रिस्केट, गाईच्या छातीचं मांस. मी गोमांस खात नाही, म्हणून ब्रिस्केटची सगळी विद्या मी बोकडाच्या फऱ्यावर वापरते. पुढचा पाय, खांद्यासकट, दीड-दोन किलोचा. टेक्सासात बकऱ्या भरपूर. ब्रेडी नावाच्या गावात तर १९७४ पासून दर सप्टेंबरच्या सुमारास बोकड भाजण्याची जागतिक स्पर्धा भरते. फऱ्यात चरबी कमी आणि शिरा जास्त, त्यामुळे तो घाई सहन करत नाही.

आदल्या रात्री मीठ लावून फ्रिजमध्ये उघडाच ठेवते. सकाळी वरून आगरी मसाला, आलं-लसूण नाही, कारण ते जळतं. केटलच्या कडेने कोळशाच्या विटा दोन-दोनच्या जोडीने अर्ध्या वर्तुळात लावायच्या, वर आणखी एक थर. एका टोकाला आठ-दहा पेटलेल्या विटा ठेवल्या की ती साखळी उदबत्तीसारखी हळूहळू जळत जाते. वर अधूनमधून ओकचे तुकडे, मध्ये पाण्याचं ताट. आत १२० सेल्सिअसच्या आसपास तापमान राखायचं आणि झाकणाला हात लावायचा नाही.

मांसाच्या पोटात ६५-७० अंश झाले की थर्मामीटरचा काटा थांबतो. एक तास, कधी दोन. पहिल्यांदा असं झालं तेव्हा मी घाबरून कोळसा वाढवला आणि फरा वाळवून टाकला. खरं म्हणजे तिथे माठाचं काम चालू असतं. माठातून पाझरणारं पाणी उडताना गारवा देतं, तसंच मांसातून वर आलेलं पाणी उडत राहतं आणि आगीची सगळी उष्णता त्यातच खर्च होते. आता तो टप्पा आला की फरा चमचाभर तूप घालून खाटकाच्या जाड कागदात घट्ट गुंडाळते. पाणी उडणं थांबलं की काटा पुन्हा चढतो. त्याच वेळात शिरा विरघळून त्यांचा चिकट, गोडसर रस होतो. ९५ अंशांना हाड हलवलं तर सैल लागलं पाहिजे. मग कागदासकट टॉवेलात गुंडाळून तासभर विश्रांती. हा तास मी कुणासाठीही कमी करत नाही, पाहुणे दारात उभे असले तरी.

कापल्यावर कडेने गुलाबी पट्टा दिसतो. इथे नव्याने आलेल्या मराठी मित्रांना तो कच्चेपणा वाटतो. धुरातले वायू मांसाच्या लाल रंगाला धरून ठेवतात, म्हणून तो पट्टा. तांदळाची भाकरी, कच्चा कांदा, लिंबू. त्यावर सॉस घातलेला मला चालत नाही.

या जानेवारीत केटलमध्ये पोपटी लावली. इंडियन स्टोअरमधल्या गोठवलेल्या वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मसाला लावलेलं चिकन, ओवा, जाडं मीठ. पोपटीत घालतात तो भांबुर्ड्याचा रानपाला इथे मिळत नाही, म्हणून मडक्याच्या तळाशी आणि तोंडाशी केळीची पानं दाबली. मडकं उलटं ठेवून भोवती निखारे रचले. बाबा व्हिडिओ कॉलवर होते.

‘अगं, घड्याळ काय बघतेस? मडक्यावर पाणी शिंपड आणि आवाज ऐक.’

शिंपडलं. चर्र झालं आणि थेंब जागच्या जागी उडाला. बाबांना तिकडे ऐकू गेलं. ‘उतरव,’ म्हणाले.

शेंगा मऊ झाल्या होत्या, चिकन रसाळ होतं. वास मात्र पोपटीचा नव्हता. भांबुर्ड्याशिवाय तो येत नाही. बाबांनी विचारलं तेव्हा मी तसंच सांगितलं.