आमची वाटचाल : साडेचार गिगाहर्ट्झपासून ब्लोअरपर्यंत

2011 साली सोलापूरच्या नवी पेठेतल्या छोट्या गाळ्यात आम्ही दोघा भावांनी कॉम्प्युटर जोडून द्यायला सुरुवात केली. त्याच जानेवारीत इंटेलचा आय5-2500के प्रोसेसर (कॉम्प्युटरची मुख्य चिप) आला होता. वेग 3.3 गिगाहर्ट्झ, टर्बोवर, म्हणजे काम वाढलं की आपोआप, 3.7. नावातल्या ‘के’चा अर्थ मल्टिप्लायर, म्हणजे वेग ठरवणारा आकडा, मोकळा. बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) तो आकडा बदलायचा, व्होल्टेज थोडं चढवायचं, की चिप 4.5 वर पळायची. आम्हाला परीसच सापडला!

गिऱ्हाईक म्हणजे चादरी-टॉवेलची जॅकार्ड डिझाइन काढणारे आणि लग्नाचे व्हिडिओ करणारे. 50 मिनिटांचा रेंडर, म्हणजे जोडलेल्या व्हिडिओची अंतिम फाइल, 42 मिनिटांत निघाला की व्हिडिओवाले खूश.

मग एप्रिल उजाडला. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून फोन, “मालक, सकाळी बरं चालतंय, दुपारी गपकन बंद पडतंय.” जाऊन बघतो तर पत्र्याचं शेड, आत 42 अंश. झाकण काढलं, तर चिपवरच्या कूलरच्या पात्यांवर टॉवेलच्या सुताची चक्क गादी. पंखा जिवाच्या आकांतानं ओरडत होता, पण शेजारच्या मागांच्या खडखडाटात तो ऐकणार कोण?

त्या रात्री आम्ही पहिल्यांदा कागद-पेन घेऊन बसलो. खरं तर हे धंद्याआधी करायचं. चिपला लागणारी वीज वेगाच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. 1.20 व्होल्टचं 1.35 केलं, 3.7 गिगाहर्ट्झचे 4.5 केले, म्हणजे वेग 22 टक्के जास्त आणि वीज दीडपट. ती सगळी वीज उष्णता होऊन बाहेर पडणार. हवेचा कूलर चिपला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. चिप खोलीपेक्षा 50 अंशांनी तापत असेल, तर जानेवारीत गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत 25 अधिक 50, निवांत. मे महिन्यात 92, आणि सुताची गादी साचली की त्याहून वर. मग चिप स्वतःच वेग उतरवते, आणि आम्ही ‘फास्ट’ म्हणून विकलेलं मशीन भर दुपारी साध्याच्याही मागं पडतं.

बिलाचं म्हणाल तर ते फारसं नाही. 60 वॅट जादा, रोज 10 तास, 26 दिवस, साडेपंधरा युनिट. खरी अडचण यूपीएसची. लाइट गेली की जादा लोडमुळं बॅटरी लवकर बसते, आणि रेंडर पहिल्यापासून.

आवाजानं मात्र वेगळंच गिऱ्हाईक घालवलं. घरातच स्टुडिओ असलेल्या एका फोटोग्राफरच्या आईनं रात्री झोप लागत नाही म्हणून मशीन परत पाठवलं. माउलीचं बरोबर होतं.

तेव्हापासून आम्ही उलट्या दिशेनं निघालो. चिप जेवढ्या कमी व्होल्टेजवर दिवसभर टिकेल तेवढ्यावर लावायची, पंखा मोठा आणि हळू फिरणारा, पुढं धूळ अडवणारी जाळी. आता तर कंपन्याच चिप मर्यादेच्या कडेला नेऊन विकतात. एएमडीच्या 2022 च्या रायझन 7000 मालिकेतल्या मोठ्या चिपा 95 अंशांपर्यंत जाणार हे धरूनच बनवल्यात. तिथं आम्ही इको मोड, म्हणजे कमी वीज खाणारी सेटिंग, लावून देतो. वेग किंचित उतरतो, तो सांगूनच.

मार्चअखेर सगळ्या गिऱ्हाइकांकडं धूळ उडवायला ब्लोअर घेऊन फेरी असते. ओव्हरक्लॉक, म्हणजे चिपचा वेग असा चढवणं, आता एकाच गेमवेड्या पोराला करून देतो, दिवाळीनंतर. होळी झाली की तो स्वतःच सीपीयू उचलून दुकानात येतो, “काका, उतरवा.”