मामांचा पॉट

गेमचं नाव सांगता येत नाही, करारात तसं कलम आहे. 1980च्या दशकाच्या शेवटचा, नाणं टाकून खेळायचा, गाडी पळवायचा गेम, एवढं पुरे. ज्यांच्याकडे त्याचे हक्क आहेत त्यांना तो आता टीव्हीपुढच्या साध्या कंट्रोलरवर हवाय. त्यातलं स्टिअरिंगचं काम पर्वरीतल्या आमच्या छोट्या ऑफिसकडे आलं.

बाहेरच्या माणसाला वाटतं, चाकाच्या जागी स्टिक, पेडलच्या जागी ट्रिगर, संपलं काम. तेवढं खरंच एका दुपारी होतं. मूळ मशीन चाकाची जागा 0 ते 255 अशी वाचायचं, सरळ म्हणजे 128. कंट्रोलरची स्टिक -32768 ते 32767 देते. भागाकार करा, गाडी वळते. पण ती नुसती वळत नाही, उडते. तसलं चाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साधारण 270 अंश फिरतं आणि त्याला दोन हात लागतात. अंगठा तेच अंतर जेमतेम चार-पाच फ्रेममध्ये, म्हणजे पडद्यावरच्या चार-पाच चित्रांत, कापतो. जुन्या प्रोग्रामरनी चाक किती वेगाने फिरू द्यायचं याची मर्यादा कोडमध्ये लिहिलीच नव्हती. लिहायची गरजच नव्हती, ते काम खेळणाऱ्याचे खांदे करत होते.

मग डेडझोन, म्हणजे मध्याजवळची जी हालचाल गेम मोजतच नाही ती. डाव्या स्टिकसाठी मायक्रोसॉफ्टने एक्सइनपुटमध्ये, म्हणजे कंट्रोलर वाचायच्या त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये, सुचवलेला आकडा आहे 7849, म्हणजे स्टिकचा जवळजवळ पाव भाग मधोमध मेलेला. माणसं पळवायच्या गेमला ठीक आहे. गाडी 250च्या वेगात असताना सगळं कौशल्य त्याच पाव भागात असतं. तो कमी करावा तर झिजलेल्या स्टिकवर गाडी आपोआप गटाराकडे सरकते. शिवाय स्टिक सोडली की स्प्रिंग तिला मध्यापलीकडे किंचित उडवते, आणि गाडी फ्रेमभर उलट्या बाजूला मान हलवते. हे सगळं मी गाळून, स्टिक किती हलली की चाक किती वळावं याची वक्ररेषा बसवून, वळण्याच्या वेगाला लगाम घालून नीट केलं होतं. त्या वक्ररेषेचा मला आजही अभिमान आहे.

ग्राहकाच्या माणसाला ती पसंत नव्हती. प्रत्येक कॉलवर एकच पालुपद: ‘ओरिजिनल फील’ येत नाही. त्याने मूळ मशीन पाहिलेलं नाही, यूट्यूबवर दुसरं कोणी खेळताना पाहिलंय. जुन्या गेमच्या धंद्यात असली माणसं फार. हाताला कसं लागायचं याचा हट्ट धरतात, आणि सगळा अनुभव डोळ्यांचा.

शेवटी आमच्याकडच्या टेस्टिंगच्या पोराने तोडगा काढला. त्याच्या मामांचं त्या काळात म्हापशात व्हिडिओ गेम पार्लर होतं, आणि हेच मशीन तिथे होतं, मुंबईहून सेकंडहँड आणलेलं. मामांना बोलावलं. पर्वरीच्या उड्डाणपुलाच्या कामात अडकून ते उशिरा पोचले, आल्या आल्या चहा नको म्हणाले आणि थेट टीव्हीपुढे बसले.

पहिल्याच उजव्या वळणावर गेले ते डावीकडच्या फलकात. दुसऱ्या खेपेला पुन्हा तिथेच. डावी वळणं मात्र साफ काढत होते. मी स्टिक तपासली, दुसरा कंट्रोलर दिला, तेच. मामांनी कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि म्हणाले, “हें स्टिअरिंग न्हय रे. आमचं मशीन डावीकडे ओढावं लागायचं. उजवीकडे जरा बोट लावलं की पुरे.”

पोरगा हसला. मी नाही हसलो, कारण डावीकडे ओढावं लागणारं चाक कंपनीने विकलेलं असणं शक्य नव्हतं. म्हणून विचारलं, चाकाखाली पॉट कुठला होता? पॉट म्हणजे पोटेन्शिओमीटर: तो फिरला की व्होल्टेज बदलतो, आणि त्यावरून मशीन चाकाची जागा ओळखतं.

मामांचा चेहरा उजळला. पावसाळ्यात पॉट जायचाच, ते सांगू लागले. खारी दमट हवा, आतल्या कार्बनच्या पट्टीवर ओरखडे, मग पडद्यावर गाडी उभ्या जागी थरथरायची. आधी स्प्रे मारायचे. नाही भागलं तर दातेरी चाक दोन दाते पुढे सरकवायचे, म्हणजे पट्टीचा न झिजलेला भाग मध्यावर येतो. आणि तोही संपला की? “मूळ पार्ट कोण देणार इथे? रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून व्हॉल्यूमचा पॉट आणायचा. पाच के, म्हणजे पाच हजार ओहम, तोच आकडा. बसतो की.”

बसतो, पण रेडिओचा व्हॉल्यूम पॉट बहुधा लॉग असतो, लिनिअर नाही. कानाला आवाज सारखा वाढल्यासारखा वाटावा म्हणून त्याचा रोध आधी हळूहळू वाढतो आणि शेवटी भसकन. स्टिअरिंगला हवा असतो लिनिअर, म्हणजे सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखा वाढणारा. लॉग पॉटमध्ये अर्धा व्होल्टेज फिरण्याच्या मध्यावर येत नाही, बराच पुढे येतो. मामांनी चाक सरळ असताना गाडी सरळ जाईल इतका तो फिरवून बसवला असणार. मग एका बाजूला थोडं वळवलं की गाडी पूर्ण वळलेली, दुसऱ्या बाजूला ओढत बसा. म्हापशातली पोरं त्या चाकावर तयार झाली. मामांच्या हातात अजून तेच चाक आहे.

म्हणजे गोव्यात ज्याला ज्याला ते मशीन ‘जसंच्या तसं’ आठवतं, त्याला कदाचित कुठल्या तरी रेडिओवाल्याचा पॉट आठवतोय.

मामा गिअरवरही बोलले. गिअरचा दांडा भराभर खालीवर केला की गाडी गवतातही मंदावत नाही, ही युक्ती 1986च्या सेगाच्या आउटरनमध्ये प्रसिद्ध आहे. या गेममध्येही तसलाच दोष निघाला. तो आम्ही मुद्दाम ठेवलाय. फक्त दांडा जिथे ठेवला तिथे राहायचा, बटण राहत नाही, म्हणून पडद्यावर कोपऱ्यात लो-हाय दाखवावं लागतं. ग्राहकाला त्याऐवजी सरळ ऑटोमॅटिक गिअर हवेत. मामा म्हणाले, “मग खेळायचं काय त्यात?” हे मी मीटिंगच्या नोंदीत शब्दशः घातलंय.

जेवणाच्या सुट्टीत मी लॉग पॉटचा आलेख कोडमध्ये उतरवला, उजवी बाजू तिखट, डावी सैल. मामांना काही न सांगता कंट्रोलर परत दिला. ते तीन टप्पे न धडकता गेले, अंगठ्याने, आयुष्यात पहिल्यांदा कंट्रोलर धरून. आम्ही बाकी सगळे त्याच सेटिंगवर पहिल्या वळणाला मेलो.

पोराचं म्हणणं, हा पर्याय गेममध्ये ठेवूया. आमच्या डिझायनरबाईंचं म्हणणं, बिघाडाला मोड म्हणत नाहीत. दोघांचंही मला पटतं, आणि इथेच अडलंय. कारखान्यातून निघालेलं चाक मी कधी हातात धरलेलं नाही. माझ्याकडे कोड आहे, सर्व्हिस मॅन्युअल आहे. ज्याच्या हातात ते खरंच होतं तो एकमेव माणूस बिघडलेल्या चाकाची साक्ष देतोय, आणि तिच्यात तसूभर चूक नाही.

ग्राहकाला मी फक्त वक्ररेषेची आवृत्ती पाठवली, सोबत लगाम काढून टाकायचा एक पर्याय, नाव ‘ओरिजिनल’. त्याला तो फार आवडला. परीक्षणं लिहिणारे तोच चालू करतील, पहिल्या वळणाला आपटतील, आणि वर लिहितील की जुने गेम किती अवघड असायचे.

लॉग पॉटचा आलेख माझ्या मशीनवर कोडच्या वेगळ्या शाखेत, म्हणजे वेगळ्या प्रतीत, आहे. मामांचा निरोप येतो, घरच्या टीव्हीवर लावून देशील का? करारामुळे ते जमत नाही. तोवर शनिवारी ऑफिसातच येऊन खेळा म्हटलंय.