आमची वाटचाल: मोडक्या बँडचं वर्कशॉप

बँड मोडला म्हणून आमचं वर्कशॉप सुरू झालं. चौघांनी सामान वाटून घेतलं, तेव्हा माझ्या वाट्याला बेस गिटार आणि कुणालाच नको असलेला एक बंद ट्यूब अ‍ॅम्प, म्हणजे काचेच्या नळ्यांवर चालणारा, गिटारचा आवाज मोठा करणारा अँप्लिफायर आला. दुरुस्तीला पैसे नव्हते, म्हणून स्वतःच उघडला. तो चालू झाला, मग ओळखीतले आपापले अ‍ॅम्प आणून टाकायला लागले. पहिली काही वर्षं कामं कमी, उधारी जास्त.

धंद्याने जीव धरला तो जुने बँड परत एकत्र यायला लागल्यावर. १९९३ मध्ये फुटलेले पिक्सीज २००४ मध्ये पुन्हा स्टेजवर आले. १९९५ मध्ये थांबलेल्या स्लोडाइव्हने २०१४ मध्ये कार्यक्रम सुरू केले आणि २०१७ मध्ये चक्क नवा अल्बम काढला. ते बघून आमच्यासारख्या लहानसहान बँडांनाही हुरूप आला. माणसांचे रुसवे निघतात हो, पण पडून राहिलेल्या अ‍ॅम्पमधले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे डबीसारखे भाग, वाळतात, डोक्याशी फुगतात. मग स्पीकरमधून सतत घूंऽऽऽ. ऑल्टरनेटिव्ह रॉकमध्ये ही घरघर लपत नाही. कडवं दबक्या आवाजात आणि कोरस अंगावर धावून येणारा, ही पिक्सीजची रीत आम्ही सगळ्यांनीच उचललेली. दबक्या कडव्यात गायकाच्या आधी अ‍ॅम्पच गातो.

कामाला येणाऱ्या पोरांना पहिला धडा एकच: प्लग काढला तरी आत हात घालायचा नाही. फिल्टर कपॅसिटरमध्ये चारशे-साडेचारशे व्होल्ट दबा धरून असू शकतात. रेझिस्टर लावून ते उतरवायचे, मीटर शून्यापाशी आलेला बघायचा, मगच पुढचं. मी हे झटका खाऊन शिकलो.

गेल्या वर्षी आमच्याच गिटारिस्टचा फोन आला. "तो अ‍ॅम्प आहे का रे अजून?" होता. विकायचा धीर झाला नव्हता.

तालमीला चौघेही आलो. बँड का मोडला, यावरच तासभर गेला. ड्रमर म्हणे आवाजाच्या भांडणावरून, मी इतकी वर्षं पैशांवरून समजत होतो. गायकाला तर भांडण झाल्याचंच आठवेना! शेवटी वाजवायला घेतलं आणि पहिल्याच कडव्यात घूंऽऽऽ. सगळे माझ्याकडे बघायला लागले. कपॅसिटर तर मी आदल्याच रात्री बदललेले. अर्धा तास शोधल्यावर चोर सापडला, गिटारिस्टच्या फझ पेडलचा, म्हणजे गिटारचा आवाज खरखरीत करणाऱ्या पायाखालच्या डबीचा, स्वस्तातला अ‍ॅडॉप्टर.

"बिल कुणाच्या नावाने करू?" मी विचारलं.

"बँडच्या."

केलं. अजून उधारीच्या वहीत आहे.