सहा दिवस, तीन ट्विनसेट: डबल टाक्या निवडायला गेलो त्याचा वृत्तांत

स्कूबा डायव्हिंगसाठी डबल टाक्या (पाठीवर एकत्र जोडलेल्या हवेच्या दोन टाक्या, म्हणजेच ट्विनसेट किंवा डबल्स) घ्यायचं वर्षभर डोक्यात घोळत होतं. सध्या रिक्रिएशनलच डाईव्ह करतो, ३० मीटरच्या आसपास, पण पुढे टेक्निकल (म्हणजे आणखी खोल, वर येताना थांबे घेत करायचे डाईव्ह) कोर्स करायचाय, त्यामुळे एकदाच काय ते मोठं घेऊन टाकू असा विचार होता आणि १५ लिटरच्या दोन स्टीलच्या टाक्या जवळजवळ नक्कीच केल्या होत्या. इन्स्ट्रक्टरला सांगितलं तर तो एवढंच म्हणाला, "अरे, आधी पाठीवर घालून पाण्यात तर उतर." म्हणून ही ट्रिप. थंड पाणी, ड्रायसूट (अंग कोरडं ठेवणारा सूट), बोटीवरून रोज दोन डाईव्ह, आणि भाड्याने तीन सेट: १२ लिटर स्टीलची जोडी, ८.५ लिटर स्टीलची जोडी, आणि ११ लिटरवाली अ‍ॅल्युमिनियमची जोडी, जिला सगळे एटी म्हणतात.

आधी हे बघा की डबल्स लागतात कशाला, कारण बऱ्याच जणांना वाटतं जास्त वेळ खाली राहायला. तसं नाहीये. ३० मीटरवर हवेवर नो-डेको वेळ (वर येताना सक्तीचे थांबे न घेता सरळ येता येतं तोवरचा वेळ) साधारण २० मिनिटं, टाकी कितीही मोठी घ्या तो वाढत नाही, उलट गॅस भरपूर उरलाय म्हणून माणूस नकळत डेकोत, म्हणजे थांबे घेणं भाग पडतं अशा अवस्थेत, जाऊ शकतो. खरा फायदा राखीव गॅसचा. आम्ही पहिल्या रात्री बसून हिशोब केला. ३० मीटरवर बडीचा (सोबतच्या जोडीदाराचा) गॅस संपला, दोघं घाबरलेले, प्रत्येकी मिनिटाला ३० लिटर धरा म्हणजे दोघांचे ६०. खाली दाब जितके बार, तितक्या पट गॅस लागतो, म्हणून तिथे दोन मिनिटं ४ बारला म्हणजे ४८० लिटर, वर यायला तीन मिनिटं सरासरी २.५ बारला म्हणजे ४५०, आणि ५ मीटरवर तीन मिनिटं थांबायचं म्हणजे २७०. झाले १२०० लिटर. एका १२ लिटरच्या टाकीत हे १०० बार होतात, म्हणजे अर्धी टाकी राखूनच ठेवायची! दोन बाराच्या जोडीत तेच ५० बार, आणि ८.५ च्या जोडीत ७०. आणि दुसरा फायदा म्हणजे एका बाजूचा रेग्युलेटर (ज्यातून श्वास घेतो ते यंत्र) बिघडला तर तो व्हॉल्व्ह बंद करून दुसऱ्या बाजूने श्वास चालू राहतो आणि दोन्ही टाक्यांमधला गॅस हाताशी राहतो. पण हे तेव्हाच खरं जेव्हा तुमचा हात व्हॉल्व्हपर्यंत पोचतो, आणि ट्रिपचा पहिला दिवस माझा त्यातच गेला.

पहिल्या दिवशी १२ ची जोडी घातली. भरलेली, बँड (दोन्ही टाक्या एकत्र धरणारे पट्टे) आणि मॅनिफोल्ड (त्यांचे व्हॉल्व्ह जोडणारी नळी) यांच्यासकट, ४० किलोच्या घरात जाते, बोटीच्या शिडीवर ते वजन मांड्यांना कळतं. पाण्यात गेल्यावर मात्र अंगाला छान बसली, तरंगू नये म्हणून कमरेला बांधायचं शिसं बरंच कमी झालं आणि आडवं राहणं एकदम सोपं गेलं. पण उजवा व्हॉल्व्ह मिळेना. बोटांची टोकं नॉबला लागतायत, पण फिरवायला पकड नाही. मला वाटलं खांदेच आखडलेत. इन्स्ट्रक्टरने डेकवर बँड सैल केले, दोन्ही टाक्या तीनेक सेंटीमीटर वर सरकवल्या, हार्नेसचे खांद्याचे पट्टे जरा घट्ट केले आणि म्हणाला आता कर. दुसऱ्या डाईव्हला डाव्या हाताने टाकीचं बूड वर ढकललं, उजवा हात मागे नेला आणि नॉब मुठीत आला, जीव भांड्यात पडला. तेव्हा सेट नाकारण्याआधी तो उंचीला नीट लावलाय का ते बघा, आणि ड्रायसूटच्या आतला जाड सूट दंडात घट्ट नाही ना तेही बघा.

८.५ ची जोडी दुसऱ्या दिवशी. भरलेली ३० किलोच्या आसपास, उचलायला सोपी, पाण्यात चपळ. सडपातळ माणसाला किंवा २५-३० मीटरपर्यंतच जाणाऱ्याला ही जोडी उत्तम, वर्षानुवर्षं पुरेल. फक्त टेक्निकलला एकूण १७ लिटर लवकर तोकडे पडतात.

अ‍ॅल्युमिनियमबद्दल माझा मोठा गैरसमज होता की ती हलकी. जमिनीवर अजिबात हलकी नाही, स्टीलच्या बाराएवढीच भरते. आणि रिकामी झाली की प्रत्येक टाकी सुमारे दोन किलोने वर तरंगायला बघते, त्यामुळे ड्रायसूटमध्ये मला शिसं पुन्हा वाढवावं लागलं. म्हणजे बोटीवर ओझं जास्तच! पण गरम पाण्यात पातळ वेटसूट असेल तर तिथे हीच जोडी बरोबर, आणि हे मनापासून सांगतो, कारण हा सुरक्षिततेचा प्रश्न आहे. बाराच्या जोडीत २२० बार गॅस म्हणजे सहा किलोच्या वर नुसती हवाच, वर स्टील स्वतः रिकामं असतानाही खालीच ओढतं. विंग (पाठीवरची, तरंगण्यासाठी हवा भरायची पिशवी) फाटली आणि अंगावर वेटसूट असला तर टाकून द्यायला शिसंही नसतं आणि तरंगायला काहीच नसतं. दोन परीक्षा घ्या: टाक्या भरलेल्या आणि विंग रिकामी असताना फिन मारत वर येता येतं का, आणि शेवटी ४०-५० बार उरलेले असताना ३ मीटरवर नुसतं स्थिर थांबता येतं का. दोन्ही जमलं तरच तो सेट त्या सूटबरोबर तुमचा.

चौथ्या दिवसाचं जरा सविस्तर लिहितो. त्या दिवशी पुन्हा १२ ची जोडी, २४ मीटर. रेग्युलेटर नेहमीप्रमाणे, लांब होजवाला उजव्या पोस्टवर (टाकीवरच्या व्हॉल्व्हवर), दाब दाखवणारं गेज डाव्या पोस्टवर. दहा मिनिटांनी गेज बघितलं तर २२०. उतरताना २२०, आताही २२०. दोन सेकंद डोकं चाललंच नाही. मग हात मागे नेऊन मधला आयसोलेटर (दोन्ही टाक्यांमधली वाट उघडणारा-बंद करणारा व्हॉल्व्ह) चाचपला, तर तो बंद! मी उजव्या टाकीतनं श्वास घेत होतो आणि गेज डावी दाखवत होतं. हळू उघडला, डोक्यामागे सूं असा आवाज आला आणि सुई सरकत १९५ च्या जवळ येऊन थांबली. बडीला खूण केली, डाईव्ह तिथेच संपवली. भरून झाल्यावर कोणीतरी तो बंद केला होता, पण उतरण्याआधी तिन्ही नॉब स्वतःच्या हाताने तपासणं माझं काम होतं आणि मी दोनच तपासले होते. आमच्याकडे साधी हवा होती म्हणून निभावलं. नायट्रॉक्स (जास्त ऑक्सिजनचं मिश्रण) असता आणि आयसोलेटर बंद ठेवून भरला असता तर दोन टाक्यांत दोन वेगळी मिश्रणं असू शकली असती, म्हणून आयसोलेटर उघडा आहे हे बघून दोन्ही पोस्टवर अ‍ॅनालायझर (ऑक्सिजनचं प्रमाण मोजणारं यंत्र) लावायचा, एकावर भागत नाही.

विकत घेणाऱ्यांनी, विशेषतः वापरलेलं घेत असाल तर, जोडी एकाच कंपनीची, एकाच मापाची आणि शक्यतो एकाच तारखेची घ्या, म्हणजे हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने होणारी टाकीची ठरावीक तपासणी) दोघांची एकदमच येते. गळ्याचे आटे तपासा, पाऊण इंची आणि एम२५ हे दिसायला फसवे असतात, चुकीचा व्हॉल्व्ह थोडा बसतो आणि दाबाखाली उडू शकतो, यात माणसं जखमी झालीयेत. दोन सुट्या टाक्या जोडत असाल तर बँड टाकीच्या व्यासाचेच हवेत, १७१ मिलिमीटरचे बँड १८४ च्या एटीला चालत नाहीत, आणि मॅनिफोल्डचं अंतरही त्याच हिशोबाने. खाऱ्या पाण्यात वापरणार असाल तर अधूनमधून बँड काढून खालचा गंज बघा. सिंगल टाकीची अरुंद विंग इथे चालत नाही, मला १८-२० किलो लिफ्टवाली डबल्सची विंग पुरली.

१५ लिटरचा विचार सोडला. बोटीवर एकाची जोडी उचलून बघितली, दोन पावलं टाकली आणि खाली ठेवली. पुढे टेक्निकलला गॅस वाढवायचा तर पाठीवरच्या टाक्या मोठ्या करायची गरज नसते, कडेला स्टेज (वेगळ्या गॅसची जादा टाकी) लावतात, ५० टक्के ऑक्सिजन २१ मीटरपासून, शुद्ध ऑक्सिजन ६ मीटरपासून, आणि त्याला एखादी छोटी अ‍ॅल्युमिनियमची टाकी लागते. मी १२ ची स्टीलची जोडी नक्की केलीये, १७१ मिलिमीटरवाली, ड्रायसूटसाठीच. गरम पाण्याच्या ट्रिपला तिथेच एटीची जोडी भाड्याने घेईन. तोवर बडीबरोबर दर डाईव्हला ६ मीटरवर व्हॉल्व्ह ड्रिल चालू आहे, उजवा, मधला, डावा, आणि पाण्यात उतरण्याआधी तिन्ही नॉब मोठ्याने बोलत हाताने तपासतो.