फ्रीमाँटचं दोन खोल्यांचं ऑफिस आणि लायसन्सचे 3,000 तास

तिकडे तू नेमकं काम काय करतेस असं घरून सारखं विचारतात, तर एकदाचं सांगूनच टाकते. कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला एका मराठी ताईंचं काउन्सेलिंगचं ऑफिस आहे, दोन खोल्या आणि बाहेर चार खुर्च्या, तिथे बिलिंग, पेरोल आणि इन्शुरन्सवाल्यांशी फोनवर हुज्जत घालणं हे सगळं माझ्याकडे. ताई लायसन्स्ड क्लिनिकल सोशल वर्कर आहेत, म्हणजे इथे स्वतःची प्रॅक्टिस काढून थेरपी देऊ शकतात. वॉर्डात वह्यावाटप करणारे भाऊ डोळ्यासमोर आणू नका, हा वेगळाच धंदा आहे, आणि हो, मी धंदाच म्हणतेय, कारण भाडं, पगार, टॅक्स कुणाला चुकलेत?

हे लायसन्स मिळवायचं म्हणजे आधी एमएसडब्ल्यू, म्हणजे सोशल वर्कची मास्टर्स करायची, मग राज्याच्या बोर्डाकडे असोसिएट, म्हणजे शिकाऊ, म्हणून नाव नोंदवायचं आणि कुणाच्या तरी हाताखाली 3,000 तास काम करायचं. दिवसरात्र राबून लवकर उरकू म्हणाल तर तेही नाही, आठवड्याला जास्तीत जास्त 40 तास धरतात आणि किमान 104 आठवडे भरावे लागतात. शिवाय कायद्याची एक परीक्षा आणि शेवटी क्लिनिकलची चार तासांची. नवरा किंवा नातेवाईक सुपरवायझर असेल तर ते तास धरतच नाहीत, त्यामुळे आपल्याकडचा घरचाच माणूस लावून घेऊ प्रकार इथे पहिल्याच पायरीवर संपतो.

आता हे असोसिएट आमच्यासारख्या ऑफिसात येतात तेव्हा खरी गंमत सुरू होते. त्यांना कॉन्ट्रॅक्टवर ठेवता येत नाही, पगारी नोकर म्हणूनच ठेवायचं, म्हणजे पेरोल टॅक्स आला, कामगारांचा विमा आला, क्लाएंट आला नाही तरी कागद आलेच. त्यांनी क्लाएंटकडून थेट पैसे घ्यायचे नाहीत, खोलीचं भाडं द्यायचं नाही, फर्निचर किंवा सामानाचा खर्चसुद्धा करायचा नाही. आमच्या एका असोसिएटने हौसेने तिच्या खोलीसाठी टेबललॅम्प आणला तर ताईंनी आधी पावती मागितली आणि त्याच दिवशी मला तिचे पैसे द्यायला लावले, ती बिचारी राहू दे ना म्हणत होती आणि ताई राहू द्यायला तयार नाहीत. मला आधी हे अति वाटलं, पण नियमामागचं कारण कळलं तेव्हा पटलं, कारण हा नियम नसता तर शिकाऊ पोरांकडून खोलीचं भाडं उकळणारे मालक गल्लोगल्ली निघाले असते.

पण पुढचं गणित मला अजून पटत नाही. प्रत्येक असोसिएटला दर आठवड्याला एकट्याने एक तास नाहीतर ग्रुपमध्ये दोन तास सुपरव्हिजन द्यायचं, आणि तिने आठवड्यात दहा तासांपेक्षा जास्त थेरपी दिली की अजून एवढंच वाढवायचं. हा वेळ ताईंच्या स्वतःच्या सेशनमधून जातो, त्याचं बिल कुणाला लावणार? वर एका सुपरवायझरकडे सहाच जण, सातवा आला की दुसरा सुपरवायझर शोधा. आणि हा सहाचा आकडा फक्त आमच्यासारख्यांना आहे बरं का, सरकारी खाती, शाळा, कॉलेजं आणि धर्मादाय संस्था यांना तो लागूच नाही. म्हणजे ज्यांच्याकडे एचआरची फौज आहे ते मोकळे आणि जिथे एचआर म्हणजे मीच, तिथे बोटं मोजत बसायचं.

बरं, एवढं करून तीन-चार वर्षांनी तिला लायसन्स मिळालं की ती जाते, समोरच्याच बिल्डिंगमध्ये स्वतःचं ऑफिस थाटते. कॅलिफोर्नियात नोकरी सोडल्यावर अमुक वर्षं हाच धंदा करू नको असा करार कोर्टात टिकत नाही. ताई तरी हसतात, मीही अशीच निघाले होते म्हणतात, पण माझ्या स्प्रेडशीटला हसू येत नाही. त्यात मेडिकेअर, म्हणजे म्हाताऱ्यांचा सरकारी विमा, लायसन्स नसलेल्या असोसिएटच्या नावाने पैसे देतच नाही, आणि ताईंना देतो तेही डॉक्टरांच्या दरपत्रकाच्या 75 टक्के.

ताईंचे मिस्टर आयटीत आहेत, त्यांना वाटलं आपण धंद्यात अर्धे भागीदार होऊ. तेही जमेना. इथे लायसन्सवाल्यांना साधी एलएलसी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची कंपनी, काढता येत नाही, प्रोफेशनल कॉर्पोरेशन काढावं लागतं आणि त्याचे शेअर लायसन्स असणाऱ्यांकडेच राहतात, इंजिनिअरकडे नाही. ते बिचारे वीकेंडला फुकटात वायफाय बघतात.

सगळ्यात जास्त गोंधळ व्हिडिओ सेशनचा. दर सेशनच्या सुरुवातीला क्लाएंटला पूर्ण नाव आणि आत्ता कुठे बसलात तो पत्ता तोंडी विचारून लिहून ठेवावा लागतो. एरवी ठीक, पण आपली माणसं दिवाळीला महिनाभर पुण्याला जातात आणि तिथून कोथरूडच्या बाल्कनीतून, मागे कुकरच्या शिट्ट्या चालू असताना, ताई आज सेशन घ्या ना म्हणतात. नियम असा की क्लाएंट जिथे बसलाय तिथे काम करायची तुम्हाला कायद्याने मुभा असली पाहिजे, म्हणून ताई नाही म्हणतात आणि तो महिना आमची कमाई निम्म्यावर. मुलगा ऑस्टिनला कॉलेजला गेला तरी तेच, टेक्सासचं लायसन्स वेगळं. राज्याराज्यांनी मिळून एकच परवाना चालेल असा एक करार केलाय, सात राज्यांनी कायदे केल्यावर 2024 मध्ये तो अमलात आला, पण कॅलिफोर्निया काही अजून त्यात शिरलेलं नाही.

तुमच्यापैकी कुणी टाटा इन्स्टिट्यूटमधून सोशल वर्कची मास्टर्स करून इकडे यायचं म्हणत असाल तर आधी डिग्री इथल्या सोशल वर्क शिक्षण परिषदेकडून तपासून घ्या, एखादा कोर्स कमी पडलाय असं निघू शकतं आणि ते आल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. आपल्याकडे आजवर एमएसडब्ल्यू झालं की कामाला लागायचं, लायसन्सबिसन्स नव्हतंच, आता 2021 च्या अलाइड हेल्थकेअरच्या कायद्यात मेडिकल आणि सायकियाट्रिक सोशल वर्कर आलेत खरे, पण बघू कधी काय होतंय. नियम हवेत, मानसिक त्रासात असलेला माणूस कुणापुढेही बसवायचा नसतो. फक्त नियम लिहिताना सहा माणसांचं ऑफिसही कुणीतरी डोळ्यासमोर ठेवावं एवढंच.

आमच्याकडे सध्या वेटिंग लिस्ट आहे, एक खोली संध्याकाळी रिकामी आहे, नाहीये तो फक्त सुपरवायझर. बे एरियात लायसन्स मिळून दोन वर्षं झालेलं आणि सुपरव्हिजनचं 15 तासांचं ट्रेनिंग केलेलं कुणी ओळखीत असेल तर मला कळवा, पगार बरा देतो आणि चहा मी करते.