तुम्ही विचारलंत म्हणून : चार दिवस बोलायला कोण होतं?

बँकॉकहून येऊन बरेच महिने झाले, तरी लग्नात, भिशीत, शाळेतल्या जुन्या सहकाऱ्यांच्या घरी हा प्रश्न ठरलेला असतो. "एकट्याच गेलात? मग चार दिवस बोलायला कोण होतं हो?" खर्च किती आला, भीती वाटली का, हे सगळं नंतर विचारतात. आधी बोलण्याचं. उत्तर लांब आहे, पंगतीत बसून देता येत नाही. म्हणून लिहून काढते.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं शिक्षिका होते, बहुतेक वर्षं पहिलीच्या वर्गावर. निवृत्तीनंतर बहिणीबरोबर कुठेतरी लांब जायचं ठरलं होतं. ऐन वेळी तिचा गुडघा दुखावला. तिकीट काढून झालं होतं, हॉटेलचे पैसे भरले होते. "तू जा," ती म्हणाली, आणि २०२४च्या डिसेंबरात मी गेले.

विमानतळाचं नाव कागदावर सुवर्णभूमी, पण तिथली माणसं म्हणतात 'सुवण्णफूम'. तिथून शहरात येणाऱ्या गाडीत बसले. दर थोड्या वेळाने एक बाई मंजुळ आवाजात काहीतरी सांगायची आणि प्रत्येक वेळी सुरुवातीला 'सथानी' म्हणायची. सथानी तॉ पाय, सथानी तॉ पाय. तिसऱ्यांदा ऐकलं तेव्हा लख्ख कळलं, स्थान! पुढचं स्थानक सांगतेय ती. मग मी खिडकीबाहेर बघायचं सोडून कान देऊन बसले. फया थाय स्टेशनवर गाडी बदलली, पुढच्याच स्टेशनावर उतरले. राचथेवी. राजदेवी. माझं हॉटेल तिथेच होतं.

म्हणजे पहिल्या तासातच प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळालं होतं. मी बोलत नव्हते, ऐकत होते. बहीण बरोबर असती तर आम्ही दोघी गाडीत मराठीत बोलत बसलो असतो, आणि त्या बाईचा 'सथानी' आमच्या गप्पांखाली दबून गेला असता.

हॉटेलच्या काउंटरवर एक मुलगी होती, कॉलेज नुकतंच संपलेली. तिचं इंग्रजी जेमतेम, माझंही तसंच, त्यामुळे दोघींचं छान जमलं. रोज संध्याकाळी परतले की मी तिला दिवसभरात ऐकलेले शब्द म्हणून दाखवायची आणि ती अर्थ सांगायची. आहान म्हणजे जेवण, आपला आहार. फासा म्हणजे भाषा. ख्रू म्हणजे शिक्षक, आपला गुरू. मी छातीवर हात ठेवून "ख्रू" म्हटलं, तशी ती काउंटरमागून उठली आणि हात जोडून वाकली. टेलिफोनला थोरसप म्हणतात. हा मात्र मला उलगडेना, शेवटी तिने फोनवर शोधून दाखवला : दूर आणि शब्द, दूरशब्द. घड्याळाकडे बोट दाखवून तिने 'वेला' म्हटलं, तेव्हा मला काही विचारावंच लागलं नाही. वेळ.

आठवड्याचे वार तर तिने बोटांवर मोजले आणि मी तिच्याबरोबर म्हणत गेले. आथित, चान, आंगखान, फुत. आंगखानला मी थांबले. मंगळवार. आपल्याकडे संकष्टी मंगळवारी आली की अंगारकी होते, तोच हा अंगारक. आपण त्याला एका चतुर्थीपुरतं जपून ठेवलंय, त्यांनी दर आठवड्याला. महिन्यांची नावं राशींवरून. जानेवारी मकराचा, मार्च मीनेचा, एप्रिल मेषेचा. एप्रिलमध्ये सूर्य मेषेत जातो तेव्हा त्यांचं पाण्याचं नववर्ष असतं, १३ ते १५ एप्रिल. त्याला म्हणतात सोंगक्रान. संक्रांतच ती, फक्त आपल्या तिळगुळाच्या संक्रांतीनंतर तीन महिन्यांनी. आणि वर्ष बुद्धाच्या शकाचं, आपल्या इसवी सनाच्या ५४३ पुढे. पावतीवर २५६७ असं छापलेलं होतं. शक हा शब्दही त्या नावात आहेच : फुत्थसक्करात.

मला संस्कृत येतं असं नाही. शाळेत होतं तेवढं, आणि पुढे आरत्या, स्तोत्रं, पंचांग यांतून जे कानावर पडत आलं तेवढंच. हे शब्द ओळखायला तेवढं पुरतं. तुम्हालाही पुरेल, म्हणूनच इतकं सविस्तर सांगतेय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कालव्याच्या धक्क्यावर गेले. शहराच्या मधून सेन सेप नावाचा एक कालवा जातो आणि त्यात नोकरदारांना नेणाऱ्या लांबोळक्या बोटी धावतात. या बोटीला पर्यटकांची फारशी पर्वा नसते. धक्क्याला लागते न लागते तोच सुटते, चढायचं तर पटकन चढा. कंडक्टर हेल्मेट घालून बोटीच्या अगदी कडेवरून चालत तिकीट काढतो. दोन्ही बाजूंना ताडपत्री असते आणि दोरी आपल्या हातात. समोरून दुसरी बोट आली की कडेला बसलेल्याने दोरी ओढून ताडपत्री वर करायची, नाहीतर कालव्याचं पाणी सगळ्यांच्या अंगावर. मी कडेला बसले होते. शेजारच्या बाईने एकदा माझ्या हाताला धरून दोरी ओढायला शिकवलं, पुढच्या बोटीला मी आपणहून ओढली. मागच्या बाकावरून कुणीतरी "खोप खुन खा" म्हणालं. आभार. 'खुन' म्हणजे गुण, हे त्या रात्री कळलं.

बोट फान फा धक्क्यावर संपते. तिथून चालत लोह प्रासात, म्हणजे लोहप्रासाद, सदतीस कळसांचा. पुढे चालत गेलं की दोन उंच लाल खांबांचा राक्षसी झोपाळा, सागवानी, आणि त्याच्या जवळच थेवसथान. देवस्थान. १७८४ साली बांधलेलं ब्राह्मणांचं देऊळ आहे हे. शंकर, गणपती आणि विष्णू अशी तीन देवळं. इथले पुरोहित स्वतःला दक्षिण भारतातून आलेल्या ब्राह्मणांचे वंशज मानतात आणि राजघराण्याचे विधी आजही त्यांच्याकडे आहेत. झोपाळ्यावर पूर्वी सोहळा व्हायचा, तो १९३५ नंतर बंद झाला. गणपतीला ते फ्रा फिखनेत म्हणतात, विघ्नेश. आणि तो त्यांच्याकडे कलेचा देव आहे, त्यांच्या ललितकला विभागाच्या चिन्हावरही तोच. आपल्याकडे शाळेत पाटीपूजनाला गणपती काढतात, ते मला तिथे उभ्या उभ्या आठवलं.

त्या संध्याकाळी मी काउंटरवरच्या मुलीला विचारलं, तुमच्या शहराचं खरं नाव फार मोठं आहे म्हणे? बँकॉक हे नाव ते लोक आपसात वापरतच नाहीत, क्रुंग थेप म्हणतात. तिने डोळे मिटले आणि शाळेतल्या कवितेसारखं एका दमात म्हणायला लागली. "क्रुंग थेप महा नखोन, अमोन रत्तनकोसिन, महिंथरा आयुथया..." मी तिला थांबवून तुकड्या-तुकड्याने म्हणायला लावलं आणि वहीत उतरवलं. महानगर. अमर रत्न. महेंद्र. अयोध्या. 'नोप्परत रात्चथानी', नवरत्न राजधानी. 'रात्चनिवेत महासथान', राजनिवेश, महास्थान. 'अमोन फिमान अवतान सथित', अमर विमान, अवतार, स्थित. शेवटी 'सक्कथत्तिया विसनुकाम प्रसित' : शक्राने, म्हणजे इंद्राने दिलेली, विश्वकर्म्याने उभारलेली. १७८२ साली पहिल्या रामाने, म्हणजे आजच्या घराण्याच्या पहिल्या राजाने, इथे राजधानी आणली, त्या नगरीचं हे नाव. जगातल्या ठिकाणांच्या नावांत सगळ्यात लांब नाव म्हणून त्याची नोंद आहे, पण मला त्याच्या लांबीचं काही वाटलं नाही. परक्या देशातल्या काउंटरवर कुणीतरी डोळे मिटून मंत्रपुष्पांजलीसारखं काही म्हणतंय आणि ते मला कळतंय, याने मात्र अंगावर काटा आला.

राजवाडा तिसऱ्या दिवशी पाहिला. फाटकाजवळ नीटनेटक्या कपड्यांतला एक माणूस भेटला, म्हणाला आज दुपारपर्यंत बंद आहे, तोवर माझ्या ओळखीच्या टुकटुकने, म्हणजे तिथल्या रिक्षाने, दुसरी देवळं बघून या. हे इथलं जुनं फसवणुकीचं तंत्र आहे. तुम्ही जाल तेव्हा लक्षात ठेवा आणि सरळ फाटकापर्यंत चालत जा. आत, पाचूच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पण खरं तर दुसऱ्याच हिरव्या दगडाच्या बुद्धाच्या देवळाभोवती ओवऱ्या आहेत, आणि ओवऱ्यांच्या भिंतींवर अख्खं रामायण. त्यांचं रामकियेन, १७८ चित्रं. मी तीन तास तिथेच होते. रामाला फ्रा राम, रावणाला थोत्सकान, दशकंठ. एका चित्रात मारुती समुद्रात मत्स्यकन्येच्या मागे लागलाय. ती सुवण्णमच्छा, रावणाची मुलगी. तिचं आणि मारुतीचं प्रेम जमतं, मुलगाही होतो. खरं सांगते, मला ते रुचलं नाही. गावाच्या वेशीवरचा शेंदूर लावलेला ब्रह्मचारी मारुती मनात घेऊन वाढलेली मी, पुढे सरकले. मग पुन्हा मागे आले. शेजारी एक आजी नातवाला तेच चित्र दाखवत होती, त्याला कडेवर घेऊन, बोट लावून, आणि तो टाळ्या वाजवत होता. त्या पोराचा मारुती असा आहे. मी तिथे बराच वेळ थांबले.

जेवणाचं विचारता म्हणून सांगते. मी शाकाहारी. तिथे शाकाहाराला 'मांगसविरत' म्हणतात, मांस-विरती. शब्द सुंदर आहे, पण एवढ्यावर विसंबू नका. मांस नको म्हटलं तरी माशाचा सॉस पडतो, कारण तो त्यांना आपल्या मिठासारखा. त्यापेक्षा 'जे' म्हणा. पिवळ्या पाटीवर लाल अक्षर असलेल्या गाड्या शोधा. तिथे मासा, अंडं काही नसतं, कांदा-लसूणही नाही. नाश्त्याला मी रोज एकाच गाडीवर गेले. खनोम ख्रोक. खळग्यांचा तवा, त्यात तांदळाचं पीठ आणि नारळाचं दूध, वरून झाकण. आपलं आप्पेपात्रच. गाडीवरची बाई मला 'पा' म्हणायची. आईच्या किंवा वडिलांच्या थोरल्या बहिणीला पा म्हणतात. तिसऱ्या दिवशी मी लांबून दिसले की ती खळगे भरायला घ्यायची.

भीती वाटली का? पहिल्या रात्री, हो. नऊ वाजता कालव्याकडेच्या अरुंद गल्लीतून येताना मागून मोटारसायकली येत होत्या आणि मी पर्स छातीशी धरून भराभर चालत होते. नंतर ती वेळ टाळली. रात्री फिरले ते फुलबाजारात, पाक ख्लोंग तलातला, जिथे रात्रभर वर्दळ असते. झेंडूचे ढीग, मोगऱ्याच्या कळ्यांचे हार. हाराला म्हणतात फुआंग मालय. माळ ऐकू आली ना?

आता शेवटचा दिवस. नाश्त्याच्या त्या गाडीमागे बाईची नात बसलेली असायची, पाचेक वर्षांची. त्या दिवशी तिच्या मांडीवर चित्रांचं पुस्तक होतं. मी वाकून पाहिलं आणि कोंबडी दिसली. पहिलं अक्षर. ती म्हणाली, "को काइ." काइ म्हणजे कोंबडी. मग "खो खाइ", अंडं. अक्षरं मला येत नव्हती, पण क्रम आला. क, ख. एकतीस वर्षं दर जूनमध्ये म्हटलेला क्रम. त्यांच्याकडे क्रम तोच, ब्राह्मीतून आलेला, मधे काही जादा अक्षरं. ग आणि घ दोन्ही ते ख सारखेच म्हणतात. ग ला म्हैस, घ ला घंटा. मी बाजूच्या स्टुलावर बसले. ती एक म्हणायची, मी त्याच्या पुढचं मराठीतलं म्हणायची, आणि ती माझ्याकडे बघून हसायची.

घ झाला. पुढे काय येणार हे मला माहीत होतं. आपल्या तक्त्यात ङ चा चौकोन रिकामा असतो. क कमळाचा, ख खटाऱ्याचा, ग गवताचा, घ घराचा, आणि मग ङ, नुसताच. दरवर्षी एखादं मूल विचारायचं, "बाई, ङ कशाचा?" मी सांगायची, याचा काही नाही, पुढे चला. त्या मुलीने पान उलटलं. हिरव्या रंगात वेटोळं घातलेला साप होता.

"ङो ङू," ती म्हणाली. ङू म्हणजे साप.

मी तिला ते आणखी तीनदा म्हणायला लावलं. आजी तव्यावरून हसत बघत होती. दुपारी जवळच्या स्टेशनरीच्या दुकानातून तो तक्ता विकत घेतला, गुंडाळून विमानात हातात आणला. आमच्या शाळेत आता माझ्या जागी आलेल्या बाईंना तो दिलाय. पहिलीच्या भिंतीवर, आपल्या तक्त्याच्या शेजारी लावलाय त्यांनी. परवा गेले होते तर मुलं सापाला बोट लावून "ङू, ङू" करत होती.