रामबाग... सोल्जर बझार... हजर!

आमच्या घरी जानेवारीचा पहिला रविवार म्हणजे 'कराचीवाल्यांचा' रविवार. दादरला एका शाळेचा हॉल घ्यायचे, आणि कराचीत जन्मलेली सगळी म्हातारी मंडळी नातवंडांना घेऊन जमायची. जानेवारीच का, ते मला खूप उशिरा कळलं. ६ जानेवारी १९४८ ला तिथे दंगल झाली आणि त्यानंतर बहुतेकांनी घर सोडून मुंबईची बोट धरली. आजी तेव्हा चौदा वर्षांची होती.

लहानपणी मला वाटायचं मराठी माणसं इतक्या लांब गेलीच कशाला? तर १८४७ पासून १९३६ पर्यंत सिंध मुंबई इलाख्यातच होता ना, त्यामुळे कारकून, मास्तर, रेल्वेवाले असे कितीतरी जण बदलीवर गेले आणि तिथलेच झाले. आजोबांची शाळा, १८५५ ची एनजेव्ही, तिला नावच नारायण जगन्नाथ वैद्य या आपल्या मराठी शिक्षणाधिकाऱ्याचं, आणि अजूनही तेच आहे!! आजोबा हे दरवर्षी माइकवर सांगायचे आणि दरवर्षी टाळ्या पडायच्या.

मला सगळ्यात आवडायची ती हजेरी. नावाने नाही, मोहल्ल्याने. कोणीतरी पुकारायचं "सोल्जर बझार!" की चार-पाच थरथरते हात वर, "हजर!" मग रणछोड लाइन, बंदर रोड, रामबाग. नंतर दालपकवान, वर आंब्याचं लोणचं, हे कॉम्बिनेशन मी दुसरीकडे कुठेच खाल्लं नाही. हळूहळू हात कमी होत गेले, रामबागला तर बरीच वर्षं कोणीच हजर म्हणत नव्हतं, तरी पुकारायचेच.

आजी कायम म्हणायची, आपण सगळे निघून आलो, तिथे आता आपलं कोणी नाही. दोन-तीन वर्षांपूर्वी एका काकांनी हॉलमध्ये मोबाइलवरचा व्हिडिओ टीव्हीला लावला, कराचीतला आत्ताचा गणपती. जी थोडी मराठी कुटुंबं तिथेच राहिली त्यांची मुलं-नातवंडं, घरात बोलताना अर्धं उर्दू येतं, पण आरती मात्र "सुखकर्ता दुखहर्ता", आपल्याच चालीत, झांजा घेऊन, विसर्जनही तिथल्याच समुद्रात. हॉल एकदम शांत. आजी खुर्ची ओढून टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बसली, पुढे उभ्या असलेल्या झांजवाल्या पोराकडे बोट दाखवून मला म्हणाली, "अगं, याचं आडनाव विचार ना कोणाला तरी, कोणाकडचा आहे हा?"